मेंदूचं आणि मणक्याचं ऑपरेशन: पेशंट आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

ओपीडीत पेशंट खुर्चीत टेकायच्या आत एमआरआयची मोठी पिशवी टेबलावर येते आणि सोबतचा मुलगा किंवा जावई विचारतो, "डॉक्टर, ऑपरेशन करावंच लागेल का?" त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा असं मला इतक्या वर्षांत वाटत आलंय: घाई किती आहे? काही ऑपरेशनं काही तासांत व्हावी लागतात, काही महिनाभर थांबली तरी बिघडत नाही, आणि मणक्याच्या बहुतेक दुखण्यांत ती वेळच येत नाही. खालच्या उत्तरांत जिथे जमेल तिथे हे सांगितलंय. तुमच्या बाबतीत काय करायचं ते मात्र तुम्हाला प्रत्यक्ष तपासणारा डॉक्टरच ठरवेल.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये "डिस्क बल्ज, नस दबली" असं लिहिलंय. म्हणजे ऑपरेशनच ना?

बहुधा नाही. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. वयाबरोबर ती सुकते, थोडी बाहेर फुगते. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखीचा कसलाही त्रास नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या रिपोर्टमध्ये हाच "बल्ज" निघाला होता. ही माणसं अगदी ठणठणीत होती. त्यामुळे फिल्ममध्ये दिसणारी गोष्ट आणि तुमची तक्रार यांचा मेळ बसतो का, हे आधी बघावं लागतं. दुखतो उजवा पाय आणि फिल्ममध्ये नस दबलीय डावीकडची, असे पेशंटही येतात. तिथे फिल्म बाजूला ठेवायची आणि पेशंटला पुन्हा तपासायचं.

जाता जाता "मणक्यात गॅप आलाय" या वाक्याबद्दल. गादी झिजली की दोन मणक्यांमधली जागा कमी होते. म्हणजे गॅप येत नाही, उलट असलेला गॅप जातो. पण शब्द इतका रुळलाय की आता मीही पेशंटशी बोलताना तोच वापरतो.

सायटिकाने जीव नकोसा झालाय. किती दिवस थांबायचं?

कमरेतून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी थेट अंगठ्यापर्यंत जाणारी कळ ज्याने सोसलीय त्याला "थांबा" म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. पण बहुतेकांचं हे दुखणं सहा ते बारा आठवड्यांत औषधं, बेताची हालचाल आणि फिजिओथेरपीवर उतरतं. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं. मोठा तुकडासुद्धा आक्रसताना आम्ही पाहिलाय.

या काळात दिवसभर पलंगावर पडून राहू नका. पूर्वी तसं सांगत असत, आता सांगत नाहीत. एक-दोन दिवस विश्रांती ठीक, मग घरातल्या घरात चालायला लागा. आणि कुणाकडून पाठीवर पाय देऊन घेणं किंवा झटका मारून "बसवून" घेणं टाळा. गादी अशी झटक्याने जागेवर बसत नाही. आधी नुसता दुखणारा पाय अशा झटक्यानंतर उचलेनासा झाला, असे पेशंट मी पाहिलेत.

सहा आठवडे नीट उपचार करूनही कळ तशीच असेल, रात्रीची झोप आणि रोजचं काम दोन्ही बंद पडलं असेल, तर ऑपरेशनचा विचार करायला हरकत नाही.

मग थांबायचं नाही, असं कधी?

तीन गोष्टी सांगतो. यांतली एक जरी दिसली तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

एक, लघवी तुंबणं. पोट भरून येतं पण धार सुटत नाही, किंवा न कळत कपड्यात होते.

दोन, बसायच्या जागेची संवेदना जाणं. हे लोक लाजेने सांगत नाहीत, म्हणून मीच सरळ विचारतो: शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्श नेहमीसारखा कळतो का? "हात लागतोय पण आपला वाटत नाही" असं उत्तर आलं की पुढचा एमआरआय उद्यावर टाकायचा नसतो.

तीन, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं. पाऊल वर उचलत नाही, चालताना पाय फरफटतो, चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं.

पहिल्या दोन गोष्टींत मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा अख्खा जुडगा दाबला गेलेला असतो. अशा वेळी "पाय तर थोडा बरा वाटतोय, सोमवारी दाखवू" म्हणून शनिवार-रविवार घालवणाऱ्यांना पुढे कायमची लघवीची नळी लागू शकते.

गादीच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

पेशंटला पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात. एक्स-रेच्या मशीनवर मणके मोजून जागा पक्की करतात. ही मोजणी महत्त्वाची, कारण चुकीच्या मणक्यावर ऑपरेशन होणं ही आमच्या व्यवसायातली नामुष्की आहे. कमरेत बहुतेक वेळा शेवटच्या दोन गाद्यांपैकी एक बिघडलेली असते, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यामधली किंवा पाचव्या मणक्याच्या खालची.

मग मधोमध इंचभर चिरा. स्नायू बाजूला सारायचा, हाडाची थोडीशी कड आणि त्याखालचं पिवळं आवरण काढायचं. इथून पुढचं काम मायक्रोस्कोपखाली. दाबली गेलेली नस ताणून चपटी झालेली असते, कधी लालसर सुजलेली. तिला अलगद बाजूला धरलं की खाली गादीचा सुटलेला तुकडा दिसतो. पांढरट, तंतुमय, उकडलेल्या कुर्लीच्या मांसासारखा. तो चिमट्याने काढायचा. नस सैल झाली की काम संपलं. अख्खी गादी काढत नाहीत, सुटलेला भाग तेवढाच. साधारण तास-दीड तास लागतो, आणि पेशंट त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चालतो.

पायाची कळ बहुतेकदा शुद्धीवर आल्या आल्याच गेलेली असते. बधिरपणा आणि मुंग्या जायला आठवडे-महिने लागतात, कधी थोडा बधिरपणा राहूनही जातो. आणि हे ऑपरेशन पायासाठी असतं. नुसत्या कंबरदुखीसाठी ते करवून घेतलं तर निराशा ठरलेली. शंभरातल्या पाच-दहा जणांना त्याच जागी पुन्हा तुकडा सुटण्याचा त्रास होतो, हेही आधीच ऐकून ठेवा.

दुर्बिणीतून करायचं की मायक्रोस्कोपखाली, यावर जाहिराती फार आहेत. दोन्हीचे निकाल चांगले असतात. तुमच्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते करा.

वडील दोनशे पावलं चालले की बसतात. हा वयाचा थकवा का?

थकवा असेल, पण एक खूण बघा. चालताना दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, कट्ट्यावर बसलं किंवा कमरेत वाकून उभं राहिलं की दोन मिनिटांत बरं वाटतं. हेच गृहस्थ सायकलवर तीन किलोमीटर जाऊन येतात, कारण सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो. मज्जारज्जूच्या नळीचा खालचा भाग अरुंद झाल्याची ही लक्षणं. पायाच्या रक्तवाहिन्या आक्रसल्या तरी थोडाफार असाच त्रास होतो, म्हणून पायाच्या नाड्याही तपासायला हव्यात.

यात घाई सहसा नसते. चालण्याचं अंतर कमी कमी होत जाऊन देवळापर्यंतही जाता येईना झालं, की नळीवरचं मागचं हाड आणि जाड झालेलं आवरण काढून नसांना जागा करून देतात. सत्तरी ओलांडलेल्यांनाही हे ऑपरेशन चांगलं मानवतं, हृदय आणि साखर ताळ्यावर असली म्हणजे झालं.

स्क्रू आणि रॉड टाकावेच लागतात का?

मणका मणक्यावरून घसरलेला असेल आणि हलत असेल, अपघातात फुटला असेल, टीबीने किंवा गाठीने पोखरला असेल, तर लागतात. नुसती गादी काढायची असेल तर बहुधा लागत नाहीत. फक्त कंबर दुखते, पाय ठीक आहेत, एमआरआयमध्ये गादी काळी दिसते, आणि तेवढ्यावर कुणी स्क्रू सुचवत असेल तर दुसऱ्या न्यूरोसर्जनचं किंवा स्पाइन सर्जनचं मत जरूर घ्या. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

स्क्रू टायटॅनियमचे असतात. ते असताना पुढे एमआरआय काढता येतो आणि ते सहसा काढावे लागत नाहीत. स्क्रू फक्त तात्पुरता आधार देतात. खरं काम दोन मणक्यांचं हाड एकमेकांत जुळण्याचं, त्याला काही महिने लागतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड नीट जुळत नाही. तंबाखू, मिश्री "ही तर फक्त दाताला" म्हणून लपवू नका, निकोटीन त्यातूनही रक्तात जातं.

मानेचा त्रास आहे, पण दुखत तर काहीच नाही. तरी ऑपरेशन सांगितलंय!

मानेत घोळ इथेच होतो. कमरेत दुखणं माणसाला डॉक्टरकडे आणतं, मानेत मज्जारज्जू दबत असताना दुखेलच असं नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, भाकरी थापताना बोटं साथ देत नाहीत, सही बदलल्यामुळे बँकेतून चेक परत येतो, अंधारात चालताना तोल जातो. घरचे म्हणतात "वय झालं". मज्जारज्जूचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच याची खात्री नसते. ऑपरेशनने पुढचं नुकसान थांबतं, काही भरून येतं. म्हणून दुखत नसलं तरी इथे महिनोन् महिने काढू नयेत.

हे ऑपरेशन बऱ्याचदा गळ्याच्या पुढच्या बाजूने करतात. ऐकून लोक दचकतात, पण पुढून गेलं की मज्जारज्जूला न हलवता थेट गादीपर्यंत पोचता येतं. काही दिवस गिळताना त्रास होतो, आवाज घोगरा राहू शकतो. बहुतेकांचा तो आपोआप सुधारतो. गायक, शिक्षक, कीर्तनकार असाल तर आधी सांगा.

मणक्याला हात लावला की माणूस लुळा पडतो म्हणतात.

ही भीती सगळ्यात जुनी. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्याखाली सुट्या नसा असतात. म्हणजे गादीची बहुतेक ऑपरेशनं जिथे होतात तिथे मज्जारज्जू नसतोच. एखाद्या नसेला इजा होऊ शकते, नसांभोवतीच्या आवरणाला भोक पडून पाणी झिरपू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. हे धोके खरे आहेत आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी ते तुमच्या भाषेत समजावून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. मान आणि छातीच्या पातळीवर मात्र मज्जारज्जू असतो, तिथला धोका जास्त. गावात ज्यांच्याबद्दल "ऑपरेशननंतर पाय गेले" असं ऐकू येतं, त्यांतल्या अनेकांचे पाय आधीच जात आलेले होते, हेही तितकंच खरं.

मणक्याचा टीबी निघालाय. ऑपरेशन लागेल?

आपल्याकडे हा आजार अजूनही भरपूर दिसतो. पाठदुखी, बारीक ताप, वजन उतरणं. बहुतेक पेशंट फक्त औषधांवर बरे होतात, पण औषधं सहा महिन्यांत संपत नाहीत, साधारण एक ते दीड वर्ष चालतात. पायातली ताकद जात असेल, पू साठून मज्जारज्जू दबत असेल किंवा मणका ढासळून पाठीला कुबड येत असेल तरच ऑपरेशन. सरकारी औषधं मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या बंद केल्या तर आजार उलटतो.

मेंदूचं ऑपरेशन म्हणजे कवटी उघडणार?

उघडण्याचे प्रकार वेगळे. कधी ड्रिलने रुपयाएवढी एक-दोन भोकं पाडली की भागतं. कधी हाडाचा चौकोनी तुकडा झडपेसारखा काढून आतलं काम झाल्यावर पुन्हा बारीक प्लेटांनी बसवतात. आणि मेंदू फार सुजलेला असेल तर हाड मुद्दाम परत लावत नाहीत, सुजेला बाहेर यायला वाट ठेवतात.

कवटीला भोक पाडणं ही माणसाची फार जुनी कला आहे. काश्मीरमधल्या बुर्झहोमला नवाश्मयुगातली कवटी सापडलीय, तिच्यावर अशी अनेक भोकं आहेत. आधुनिक न्यूरोसर्जरीचा भारतातला पहिला विभाग मात्र १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला.

मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखते ती कातडी आणि मेंदूवरचं आवरण. म्हणूनच बोलण्याच्या भागाजवळची गाठ काढताना पेशंटला मध्येच जागं ठेवून त्याच्याशी बोलता येतं. त्याला चित्रं दाखवून नावं विचारतात, आकडे मोजायला लावतात, आणि तेही त्याच्या मातृभाषेत. मराठी पेशंटसमोर मराठी बोलणारं कुणीतरी लागतंच. शब्द अडखळला की सर्जनचा हात थांबतो.

आणि हो, केस पूर्ण काढावे लागतीलच असं नाही. बहुतेक वेळा चिऱ्याच्या पट्ट्यापुरतेच काढतात. मुलींनी हे आधीच विचारून घ्यावं, विचारायला संकोच नको.

डोक्याला मार लागला, सीटी स्कॅन नॉर्मल आला. आता निश्चिंत?

पहिले चोवीस तास तरी नाही. कवटीच्या आत रक्तवाहिनी फाटली तर माणूस आधी शुद्धीवर असतो, बोलतो, चहा घेतो आणि काही तासांत गुंगीत जातो. घरचे म्हणतात, "दमलाय, झोपू द्या." अशा वेळी दर दोन तासांनी उठवून नाव-गाव विचारा. उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, एक बाहुली मोठी दिसली, बोलणं बरळल्यासारखं झालं, फिट आली, तर १०८ ला फोन करा. हे रक्त काढण्याचं ऑपरेशन तासांच्या हिशेबात होतं. वेळेत झालं तर माणूस काही दिवसांत स्वतःच्या पायांनी घरी जातो.

हेल्मेटबद्दल वेगळं सांगत नाही. पण मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईच्या साडीचा पदर चाकात अडकून झालेले अपघात आम्ही फार पाहतो, आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेट क्वचितच असतं.

आजोबांना महिन्याभरापूर्वी किरकोळ लागलं होतं. आता ते विसरतात, पाय ओढतात. त्याचा याच्याशी संबंध?

असू शकतो, आणि हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. न्हाणीघरात पाय घसरला, दाराची चौकट लागली, टेंगूळ आलं आणि गेलं. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या शिरा ताणल्या जातात आणि छोट्या धक्क्यानेही झिरपायला लागतात. रक्त इतकं सावकाश साठतं की लक्षणं दिसायला तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर धडपडल्याची आठवण घरात कुणालाच राहिलेली नसते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांना हे जास्त होतं.

मग काय दिसतं? आजोबा जेवताना घास सांडतात. धोतराचा काष्टा जमत नाही. दिवसा झोपाळतात, रात्री बडबडतात. घरचे "डोकं फिरलं" किंवा "वय झालं" म्हणून सोडून देतात. साधा सीटी स्कॅन उत्तर देतो.

उपचार आमच्या सगळ्या ऑपरेशनांत सगळ्यात समाधान देणारा. एक किंवा दोन भोकं पाडली की आतून काळपट तपकिरी, गाडीच्या जुन्या इंजिन ऑइलसारखं पाणी दाबाने बाहेर येतं. ते धुवून काढायचं आणि दोन दिवस नळी ठेवायची. प्रकृती नाजूक असेल तर फक्त जागा बधिर करूनही होतं. दुसऱ्या दिवशी राउंडला गेलं की कालपर्यंत सुनेचं नाव न आठवणारा माणूस चहा गार मिळाल्याची तक्रार करत असतो. शंभरात दहा-वीस जणांना पुन्हा पाणी साठतं, तेव्हा तेच परत करावं लागतं.

भावाचं कवटीचं हाड पोटात ठेवलंय म्हणाले. हे काय प्रकरण?

घाबरू नका, ही नेहमीची पद्धत आहे. सूज ओसरेपर्यंत काढलेलं हाड पोटाच्या कातडीखालच्या चरबीत सांभाळून ठेवतात. काही ठिकाणी ते खोल गोठवणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवतात. दीड-दोन महिन्यांपासून पुढे, प्रकृती बघून, ते परत बसवतात. हाड खराब झालं असेल तर टायटॅनियमची जाळी किंवा खास प्लास्टिकचं हाड. तोवर त्या बाजूला डोकं टेकवू देऊ नका. डोक्यावर त्या बाजूला खड्डा दिसेल, उठल्यावर तो जास्त खोल आणि झोपल्यावर कमी दिसेल. हे अपेक्षितच आहे.

मेंदूत गाठ म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. मेंदूच्या आवरणातून येणाऱ्या गाठी बहुतेक साध्या असतात, पूर्ण निघाल्या तर विषय मिटतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ तर नाकातून दुर्बीण घालून काढतात, बाहेर चिराही दिसत नाही. अंगठी घट्ट व्हायला लागली, चपलेचा नंबर वाढला, दोन्ही बाजूंचं कडेचं दिसेनासं झालं, ही तिची लक्षणं असू शकतात. त्या ऑपरेशननंतर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, आणि नाकातून पाण्यासारखं पातळ टपटपत असेल तर सर्दी समजू नका, लगेच कळवा. मेंदूच्या पेशींतूनच उठणाऱ्या काही गाठी मात्र वाईट असतात. तिथे ऑपरेशन, मग बायोप्सीचा रिपोर्ट, मग गरजेनुसार रेडिएशन आणि गोळ्या.

आपल्या देशात एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: सीटीत "गाठ" दिसली आणि फिट आली, तर ती पटकृमीच्या अंड्यांमुळे झालेली बारीक गाठ किंवा टीबीची गाठही असू शकते. दोन्ही बहुतेक वेळा औषधांनी जातात. आणि "आम्ही तर शाकाहारी" हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. कृमीची अंडी न धुतलेल्या कोथिंबिरीतून, पालेभाजीतून आणि दूषित पाण्यातूनही पोटात जातात.

शंट कशासाठी बसवतात?

मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि तितकंच शोषलं जातं. एका वेळी आत दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं. वाट तुंबली की पाणी साठतं. बाळांचं डोकं वाढतं, मोठ्यांना डोकेदुखी आणि उलट्या होतात, वृद्धांचं चालणं, लघवी आणि आठवण यांचा ताळमेळ सुटतो. शंट म्हणजे कातडीखालून मेंदूपासून पोटापर्यंत नेलेली नळी आणि मध्ये एक व्हॉल्व्ह. काही पेशंटना नळीऐवजी दुर्बिणीने आतच नवी वाट करून देता येते.

शंट बंद पडू शकतो, विशेषतः मुलांत. मूल पुन्हा पूर्वीसारखं उलट्या करायला लागलं, गुंगीत राहायला लागलं, तर "पित्त असेल" म्हणून रात्र काढू नका. बाहेरून सेटिंग बदलता येणारा शंट असेल तर एमआरआयनंतर सेटिंग तपासून घ्या.

अचानक प्रचंड डोकं दुखलं आणि रक्तवाहिनीचा फुगा फुटला म्हणाले.

क्षणार्धात सुरू झालेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी, ही त्याची खूण. फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या दिवसांतच सर्वांत जास्त, म्हणून लवकरात लवकर बंद करतात: कवटी उघडून क्लिप लावून, किंवा मांडीच्या अथवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून तार नेऊन आत कॉइल भरून. कुठला मार्ग ते फुग्याच्या आकारावर आणि जागेवर ठरतं.

दात काढले, दाढ काढली, तरी गालातली वीज जात नाही.

चूळ भरली, दाढीचं रेझर लागलं, गार वारा लागला की गालात वीज चमकल्यासारखी कळ, दोन-चार सेकंदांची. चेहऱ्याच्या नसेचं हे दुखणं आहे, दाताचं नाही. माझ्याकडे येईपर्यंत कुणाचे तीन दात गेलेले असतात, कुणाचे सहा. कार्बामाझेपिन या गोळीने बहुतेकांना आराम पडतो. गोळी पुरेनाशी झाली किंवा सोसेना, तर कानामागे छोटं भोक पाडून नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. हे तुमच्या निवडीचं ऑपरेशन, घाईचं नाही.

ऑपरेशनआधी काय सांगायचं, काय बंद करायचं?

सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या, नावं आठवत बसू नका. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी स्वतःहून थांबवू नका. काढे, चूर्ण, गुडघेदुखीची "देशी" पुडी चालू असेल तर तीही सांगा, अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉईड निघतं. भूल द्यायच्या आधी साधारण सहा तास खाणं बंद. "देवाचा प्रसाद चिमूटभर" हेही खाणंच. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी फिटची किंवा बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असेल तर तसं डॉक्टर सांगतील.

खर्चाचं काय?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, आणि न्यूरोसर्जरीची बरीच ऑपरेशनं त्यात बसतात. सगळी बसत नाहीत, आणि सगळी हॉस्पिटलं योजनेत नाहीत. म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. आधी पैसे भरून मागाहून योजनेत बसवायला गेलं की कागदांच्या फेऱ्यांत लोक मेटाकुटीला येतात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, आणि बांबोळीला सरकारी मेडिकल कॉलेज.

घरी गेल्यावर मांडी घालून बसायचं का? गाडी, शेत, वारी?

गादीच्या ऑपरेशननंतर चालणं पहिल्या दिवसापासून, वाढवत वाढवत. पहिले सहा आठवडे मांडी घालून जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं आणि वाकून काही उचलणं टाळा. घरी भारतीय संडास असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मिळते. घागर, गॅसचा सिलिंडर, नातू, तिघांपैकी काहीही उचलू नका. दुचाकी साधारण सहा आठवड्यांनी, तीही सर्जनला विचारून, खड्ड्यांचा रस्ता असेल तर अजून उशिरा. खुरपणी-नांगरणीसारखी कामं तीन महिन्यांनंतर. नवरा-बायकोचे संबंध दुखत नसेल तर तीन-चार आठवड्यांनी चालतात, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगून ठेवतो. पट्टा लावायचा की नाही ते ऑपरेशनवर अवलंबून, पण महिनोन् महिने लावला तर पाठीचे स्नायू आळशी होतात.

वारीचं विचाराल तर, आषाढीला सहा महिने झालेले असतील आणि आधी रोज पाच-सहा किलोमीटर चालायची सवय झाली असेल, तर मी जा म्हणतो. पाठीवरची पिशवी मात्र दिंडीच्या गाडीत टाका.

मेंदूच्या ऑपरेशननंतर फिटची गोळी चालू असेल तर गाडी, विहिरीचं काम, एकट्याने पोहायला जाणं बंद, डॉक्टर सांगेपर्यंत. ती गोळी एकदम थांबवली तर फिट येण्याची शक्यता मोठी असते. लग्नाला गावी जाताय आणि पाकीट संपत आलंय, तर निघण्याआधी विकत घ्या.

डिस्चार्जनंतर अपॉइंटमेंटची वाट न पाहता कधी यायचं?

ताप, जखमेतून पू. जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखं स्वच्छ पातळ येणं. बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं होत असेल तर आवरणातून पाणी झिरपतंय का ते बघावं लागतं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. नवीन बधिरपणा, लघवी अडणं, फिट, वाढती गुंगी. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. त्यावर हळद, खोबरेल तेल, घरचं मलम काही लावू नका. फोन करताना डिस्चार्ज कार्ड हातात घ्या आणि ऑपरेशनची तारीख आधी सांगा.